तेरा कोटी पूर्वज, एक आडनाव

१३ जुलै १२४९ रोजी स्कॉटलंडमधल्या स्कोन इथे अलेक्झांडर नावाच्या मुलाला राज्यावर बसवलं. त्याला आठवं वर्षही पुरं झालं नव्हतं. इतिहासकारांनी नोंदवून ठेवलंय की सोहळ्यात डोंगराळ मुलखातला एक वृद्ध पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि त्याने गेलिक भाषेत राजाची वंशावळ म्हणायला सुरुवात केली. अलेक्झांडर हा अलेक्झांडरचा, तो विल्यमचा, विल्यम हेन्रीचा, हेन्री डेव्हिडचा असं करत तो थेट इजिप्तच्या फॅरोची मुलगी मानल्या गेलेल्या स्कोटापर्यंत पोचला. राजाचा हक्क शाबित करायला एवढी साखळी पुरेशी होती. एका पिढीला एक नाव, आणि ते नाव बापाचं.

आता हाच भाट आज ब्रिटनच्या तिसऱ्या चार्ल्स राजासमोर बसला आहे असं समजू. चार्ल्सपासून मागे जायचं आणि बाराव्या शतकातल्या वॉल्टर फिट्झअॅलन या सरदारापाशी थांबायचं. मधे २७ पायऱ्या आहेत. सेकंदाला एक नाव म्हटलं तर अर्ध्या मिनिटाच्या आत काम संपतं. पण प्रत्येकाला आई आणि बाप असे दोघे असतात. आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ, खापरपणजी-खापरपणजोबा सोळा. असं दुप्पट करत सत्ताविसाव्या पायरीवर पोचलो की तिथे पूर्वजांच्या जागा होतात १३,४२,१७,७२८. सेकंदाला एक नाव घेत, न खाता, न झोपता ही एकच पायरी म्हणायला सव्वाचार वर्षं लागतील. मधल्या सगळ्या पायऱ्या धरल्या तर साडेआठ. वंशावळीत आपण वाचतो ते अर्धं मिनिट असतं, उरलेली साडेआठ वर्षं कुणी म्हणतच नाही.

तो वॉल्टर कोण होता, ते नीट पाहायला हवं, कारण जगातल्या सर्वांत प्रसिद्ध आडनावांपैकी एक त्याच्यापासून सुरू झालं आणि ते त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. त्याचं घराणं मूळचं फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनीतलं, डोल या गावचं. तिथे ते पिढीजात कारभारी होते. त्याचा बाप अॅलन हा फ्लाडचा मुलगा, म्हणून अॅलन फिट्झफ्लाड. वॉल्टर अॅलनचा, म्हणून वॉल्टर फिट्झअॅलन. म्हणजे आडनाव असं नव्हतंच, दर पिढीला ते बदलत होतं. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या कृपेने अॅलनला श्रॉपशरमध्ये जमिनी मिळाल्या. त्याच्या तीन मुलांच्या वाटा तीन दिशांना गेल्या. जॉर्डन ब्रिटनीत राहिला. विल्यम श्रॉपशरमध्ये राहिला, आणि त्याच्या वंशजांकडे फिट्झअॅलन हेच नाव आडनाव म्हणून कायम झालं. ते पुढे अरुंडेलचे अर्ल झाले आणि नॉरफोकच्या ड्यूकांच्या फिट्झअॅलन-हॉवर्ड या जोडनावात आजही ते टिकून आहे. तिसरा वॉल्टर. थोरल्या भावांच्या वाटणीत आपल्याला फारसं काही मिळणार नाही हे ओळखून तो ११३६ च्या सुमारास स्कॉटलंडच्या पहिल्या डेव्हिडच्या चाकरीत गेला.

डेव्हिडने त्याला आपल्या वाड्याचा स्ट्यूअर्ड नेमलं. राजाच्या घरचा सगळा खर्च, कोठार, जेवणावळी, नोकरचाकर, सगळं त्याच्या हाताखाली. डेव्हिडच्या नातवाने, चौथ्या मॅल्कमने, ११५७ च्या सुमारास हे पद सनद देऊन वंशपरंपरेने वॉल्टरच्या घराण्याला लावून दिलं, आणि नोकरीचं वतन झालं. वॉल्टरला रेन्फ्रू आणि पेस्लीचा मुलूख मिळाला. ११६३ मध्ये त्याने पेस्लीला मठ स्थापला, त्यासाठी श्रॉपशरमधल्या वेनलॉकहून भिक्षू आणवले. ११७७ मध्ये तो वारला. पुढच्या पिढ्यांत हुद्दा नावाला चिकटला, नावाचं आडनाव झालं आणि स्ट्यूअर्डचं स्ट्युअर्ट झालं. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये वाढलेल्या राणी मेरीच्या काळात फ्रेंच वळणाचं दुसरं स्पेलिंगही रूढ झालं. देवनागरीत ते दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा तिकडे फार लक्ष द्यायला नको.

या घराण्याने १३७१ पासून १७१४ पर्यंत, ३४३ वर्षं, आधी स्कॉटलंडवर आणि मग सगळ्या ब्रिटनवर राज्य केलं. चौदा राजे-राण्या. एका कारभाऱ्याचे वंशज एवढे वर चढले म्हटल्यावर त्यांना शोभेल असा पूर्वजही हवा होता, आणि तो मागाहून तयार केला गेला. १५२७ मध्ये हेक्टर बोएस या इतिहासकाराने बँक्वो नावाचा एक सरदार आणि त्याचा मुलगा फ्लीअन्स हे स्ट्युअर्टांचे मूळपुरुष म्हणून छापले. तिथून तो बँक्वो शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये गेला, आणि त्या नाटकावरून शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ लिहिलं. पण असा माणूस होऊन गेल्याचा कुठलाही पुरावा नाही. खरा मूळपुरुष डोलचा कारभारी.

राजघराण्याचे आकडेही असेच फुगवलेले. १३२० च्या आर्ब्रोथच्या जाहीरनाम्यात स्कॉटलंडच्या सरदारांनी पोपला कळवलं की आमच्या देशावर ११३ राजांनी सलग राज्य केलंय आणि त्यांत एकही परका नाही. जाहीरनाम्यातल्या सरदारांच्या यादीत स्कॉटलंडचा स्ट्यूअर्ड वॉल्टरही आहे. तो आपल्या वॉल्टरच्या पाचव्या पिढीतला, मूळ ब्रेटन घराण्याचा. १६८४ मध्ये तर याच्याही वर कडी झाली. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत याकोब द वेट या डच चित्रकाराशी करार झाला की एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यासाठी त्याने स्कॉटलंडच्या ११० राजांची चित्रं दोन वर्षांत काढून द्यावीत. म्हणजे आठवड्याला एकाहून अधिक राजा. इसवी सनापूर्वी ३३० मधला मानलेला फर्गस पहिला आणि चार्ल्स शेवटचा. सुरुवातीचे कितीतरी राजे कधी अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे त्यांचे चेहरे चित्रकाराला मनानेच काढावे लागले. त्यांतली बरीच चित्रं आजही त्या राजवाड्याच्या भिंतींवर आहेत. मला या सगळ्या खटपटीचं वाईट वाटतं. खोटे ११३ राजे रचण्यात जेवढी बुद्धी खर्ची पडली, तिचा अंशही खरे तेरा कोटी मोजण्यात गेला नाही. आणि खरा आकडा किती तरी अचाट आहे.

त्या आकड्यात एक मोठी अडचण आहे. बाराव्या शतकाच्या मध्यावर साऱ्या जगाची लोकसंख्या तीस ते चाळीस कोटींच्या दरम्यान होती असं अभ्यासक मानतात. स्कॉटलंडमध्ये फार तर दहा लाख माणसं असतील. मग एका चार्ल्सचे तेरा कोटी पूर्वज राहत कुठे होते? आणखी तीनच पिढ्या मागे जा, जागा होतात १०७ कोटी ३७ लाखांच्या वर. तेवढी माणसं तेव्हा पृथ्वीवर नव्हती. उत्तर असं की जागा तेवढ्याच असतात, माणसं मात्र थोडी. एकच माणूस अनेक जागांवर बसलेला असतो. वंशवेल म्हणून आपण जी काढतो ती मागे जाताना फांद्या फुटत सुटत नाही. काही पिढ्यांतच त्या फांद्या एकमेकींत गुंततात आणि तिचं जाळं होतं.

हे जवळून पाहायला स्कॉटलंडचा सहावा जेम्स चांगला. १६०३ मध्ये तो इंग्लंडचाही राजा झाला. त्याची आई राणी मेरी, बाप लॉर्ड डार्नली, दोघंही स्ट्युअर्ट. मेरीच्या बापाची आई मार्गारेट ट्यूडर. डार्नलीच्या आईची आईही मार्गारेट ट्यूडरच, कारण पहिला नवरा चौथा जेम्स लढाईत पडल्यावर तिने अँगसच्या अर्लशी लग्न केलं होतं. म्हणजे जेम्सच्या पणजी-पणजोबांच्या आठ जागांवर माणसं सातच. आणखी मागे गेलं की गुंता वाढतो. डार्नलीच्या बापाच्या बापाची आई एलिझाबेथ हॅमिल्टन ही दुसऱ्या जेम्स राजाच्या मुलीची मुलगी. इकडे मेरी त्याच दुसऱ्या जेम्सची थेट वंशज. या दुसऱ्या जेम्सची आई जोन बोफर्ट. नवऱ्याचा, पहिल्या जेम्सचा, १४३७ मध्ये खून झाला तेव्हा तिने दुसरं लग्न केलं, तेही एका स्ट्युअर्टशीच. त्या लग्नातून अथॉलचे अर्ल झाले आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ स्ट्युअर्ट ही डार्नलीच्या बापाची आई. म्हणजे जोन बोफर्ट ही एकटी बाई सहाव्या जेम्सच्या वंशावळीत तीन वेगवेगळ्या वाटांनी येते: एकदा मेरीकडून, दोनदा डार्नलीकडून.

चर्चला या गुंत्याची चांगलीच जाणीव होती. एकेकाळी सात पिढ्यांच्या आतलं नातं लग्नाला चालत नसे. सरदार घराण्यांना तेवढ्या अंतरावरचा जोडीदार मिळणंच कठीण झालं, म्हणून १२१५ च्या लॅटरन परिषदेने ती मर्यादा चार पिढ्यांवर आणली. तरीही पंचाईत व्हायचीच. पहिला स्ट्युअर्ट राजा दुसरा रॉबर्ट याने राजा होण्याच्या कितीतरी आधी एलिझाबेथ म्युअर हिच्याशी संसार मांडला होता आणि त्यांना मुलं होती. नातं मना केलेल्या पिढ्यांत बसत होतं. १३४७ मध्ये पोपची परवानगी आली, मग रीतसर लग्न झालं आणि आधी झालेली मुलं औरस ठरली. पण एलिझाबेथ गेल्यावर रॉबर्टने दुसरं लग्न केलं. दोन्ही बायकांच्या वंशजांत ‘खरे औरस कोण’ हा वाद धुमसत राहिला. पहिल्या जेम्सच्या खुनासाठी ज्याला देहदंड झाला, तो अथॉलचा अर्ल वॉल्टर रॉबर्टच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा होता.

या दुसऱ्या रॉबर्टपाशी आकडे उलट दिशेने पळायला लागतात. दोन बायकांची आणि लग्नाबाहेरची मिळून त्याला वीसहून अधिक मुलं होती. मुलांना अर्लपदं मिळाली, मुली डग्लस, लिंडसे, लायन अशा घराण्यांत दिल्या. एक मुलगी जोआना १३७६ मध्ये सर जॉन लायन यांना दिली, त्यांना ग्लॅमिसची जमीन मिळालेली होती. साडेपाचशे वर्षांनी, १९२३ मध्ये, त्याच लायन घराण्यातली एलिझाबेथ बोवेस-लायन हिचं लग्न राजपुत्र आल्बर्टशी झालं. ते पुढे सहावे जॉर्ज. त्यांचा नातू तिसरा चार्ल्स. म्हणजे चार्ल्सच्या आजोबांकडूनही दुसरा रॉबर्ट पूर्वज आणि आजीकडूनही. वॉल्टर फिट्झअॅलन आणि त्याची बायको त्या तेरा कोटी जागांच्या आसपास एकदाच नव्हे, अनेकदा बसलेली आहेत.

वॉल्टरच्या बाजूने पुढे पाहू. प्रत्येक पिढीत दोनच मुलं जगून संसाराला लागली असं धरलं, तर सत्तावीस पिढ्यांनी त्याचे वंशज तेच १३ कोटी ४२ लाख होतात. तीन धरली तर ७ लाख ६२ हजार ५५९ कोटी. आज जगात माणसं आठशे कोटींच्या आसपास. अर्थात असं घडत नाही, कारण वंशजच वंशजांशी लग्नं करतात आणि दोन वाटांवर मोजलेला माणूस प्रत्यक्षात एकच असतो. पण नेमकं किती पसरतं? जोसेफ चँग या सांख्यिकीतज्ज्ञाने १९९९ मध्ये याचं गणित मांडलं. समजा, एका समाजात माणसं दहा लाख आहेत आणि लग्नं कुणाचीही कुणाशी होतात. तर साधारण वीस पिढ्या मागे असा एक तरी माणूस सापडतो जो आजच्या सगळ्यांचा पूर्वज आहे. पस्तीस पिढ्या मागे गेलं तर त्या काळातले सुमारे ८० टक्के लोक आजच्या प्रत्येकाचे पूर्वज ठरतात आणि उरलेल्या २० टक्क्यांचा वंश पूर्ण बुडालेला असतो. मधली अवस्थाच राहत नाही. प्रत्यक्षात लग्नं इतकी मोकळी होत नाहीत, डोंगर, भाषा, धर्म आणि पैसा आडवे येतात. तरी पीटर राल्फ आणि ग्रॅहम कूप यांनी २०१३ मध्ये युरोपातल्या २,२५७ लोकांची जनुकं तपासली, तेव्हा खंडाच्या दोन टोकांच्या माणसांतही हजारेक वर्षांपूर्वीचे पुष्कळ सामाईक पूर्वज असल्याचं दिसलं. स्कॉटलंडची लोकसंख्या आज सुमारे ५५ लाख आहे. ज्यांची पाळंमुळं पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या रक्तात तो रेन्फ्रूचा कारभारी कुठल्या ना कुठल्या वाटेने आला असण्याची शक्यता फार मोठी आहे, मग त्यांचं आडनाव कॅम्पबेल असो, ब्राउन असो की स्मिथ.

लेखी पुराव्यावर मोजायला गेलं की आकडा एकदम लहान होतो. ब्रिटनच्या गादीचा हक्क १७०१ च्या कायद्याने सहाव्या जेम्सची नात, हॅनोव्हरची सोफिया, आणि तिच्या प्रॉटेस्टंट वंशजांपुरता राखला गेला. तिच्याहून जवळचे पन्नासहून अधिक कॅथलिक वारस त्या कायद्याने बाजूला पडले. सोफियाचे सगळे हयात वंशज, धर्म न पाहता, क्रमाने मांडण्याचं काम वंशावळतज्ज्ञांनी केलं. २००१ मध्ये यादीत ४,९७३ नावं होती, २०११ मध्ये ५,७५३. दहा वर्षांत ७८० ची भर. तरी हे राजघराण्यांतले, कागदावर टिपलेले, औरस संततीतले लोक. आपसांत लग्नं करणाऱ्यांची ही यादी आहे, म्हणून ती एवढी आटोपशीर.

आडनावाचा हिशेब मात्र याहून निराळा आणि फार कठोर आहे. रक्त सगळ्या मुलांतून पुढे जातं, आडनाव त्या समाजात फक्त मुलग्यांतून. फ्रान्सिस गाल्टन यांना एकोणिसाव्या शतकात प्रश्न पडला की नामवंत घराण्यांची नावं एवढी लवकर का नाहीशी होतात. १८७३ मध्ये त्यांनी तो एका नियतकालिकात कोडं म्हणून छापला आणि हेन्री वॉटसन या धर्मगुरू-गणितज्ञाने त्यावर काम केलं. ते गणित साध्या आकड्यांत असं. शंभर पुरुष, शंभर वेगळी आडनावं. सरासरी प्रत्येकाला एकच मुलगा होतो, पण कुणाला एकही नाही, कुणाला तीन, असं नशिबावर. पहिल्याच पिढीत ३७ आडनावं संपतात. पाच पिढ्यांत ७३. दहा पिढ्यांत ८४. सत्ताविसाव्या पिढीला शंभरातली ९३ गेलेली असतात, सात उरतात. लढाई नाही, रोगराई नाही, कुणाचा दोष नाही. नुसत्या मुलगा होण्या-न होण्याच्या सोडतीतून एवढा संहार होतो.

स्ट्युअर्टांना राज्य मिळालं ते दुसऱ्याचं आडनाव असंच संपलं म्हणून. रॉबर्ट ब्रूसने १३०६ मध्ये मुकुट घेतला, त्याचा मुलगा दुसरा डेव्हिड १३७१ मध्ये निपुत्रिक गेला. अवघ्या ६५ वर्षांत ब्रूस राजे संपले. पण ब्रूसला पहिल्या बायकोपासून एक मुलगी होती, मार्जोरी. १३१५ मध्ये तिचं लग्न सहावा स्ट्यूअर्ड वॉल्टर याच्याशी झालं. थोड्याच काळात ती बाळंतपणात गेली. गरोदर असताना ती घोड्यावरून पडली अशी पेस्लीकडे परंपरा आहे. तिचं मूल जगलं, आणि तोच दुसरा रॉबर्ट, पंचावन्नाव्या वर्षी राजा झाला. म्हणजे चौदा स्ट्युअर्ट राजे-राण्यांचा गादीवरचा हक्क या तरुण मुलीकडून आला. त्या साखळीत तिचं नाव टिकलं ते केवळ ती राजकन्या होती म्हणून. पहिल्या पाच स्ट्यूअर्डांच्या घरांतल्या बायकांचं नाव विचारलं तर स्कॉटिश इतिहास वाचणाऱ्यालाही चटकन सांगता येणार नाही. बापांची नावं म्हणून अर्ध्या मिनिटात वंश उरकणाऱ्यांनी ही अर्धी माणसं गाळली, आणि त्याबद्दल मला मनापासून राग येतो.

शेवटही असाच झाला. पहिल्या राजाला वीसहून अधिक मुलं. शेवटची स्ट्युअर्ट राणी अॅन सतरा वेळा गरोदर राहिली आणि तिचं एकही मूल मोठं झालं नाही. गर्भपात, मृत जन्म, तान्हेपणी मृत्यू. सर्वांत जास्त जगला तो ग्लॉस्टरचा ड्यूक विल्यम, तोही १७०० मध्ये अकराव्या वर्षी गेला. १७१४ मध्ये अॅनबरोबर गादी स्ट्युअर्टांच्या हातून गेली. हद्दपार शाखेतला चार्ल्स एडवर्ड १७८८ मध्ये वारला, आणि त्याचा भाऊ हेन्री, रोमचा कार्डिनल, म्हणजे ब्रह्मचारीच, १३ जुलै १८०७ रोजी इटलीत फ्रास्काती इथे. त्याच्याबरोबर शेवटच्या स्ट्युअर्ट राजांची औरस पुरुषशाखा खुंटली.

आडनाव मात्र बुडालं नाही, उलट फोफावलं. स्कॉटलंडमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनावांत स्ट्युअर्ट आहे. काही धाकट्या आणि अनौरस शाखांमुळे, पण त्याहून जास्त वेगळ्याच कारणाने. जहागिरीत राहणारी कुळं धन्याचं आडनाव लावत. लहानसहान जमीनदारांकडेही स्ट्यूअर्ड म्हणजे कारभारी असत आणि त्यांच्या मुलांनाही तेच नाव चिकटे. सगळे राजे स्ट्युअर्ट खरे, पण सगळे स्ट्युअर्ट काही राजाचे भाऊबंद नव्हेत, अशा अर्थाची म्हण स्कॉटलंडमध्ये जुनीच आहे. इंग्रजांच्या फौजांबरोबर हे नाव मावळातही येऊन पोचलं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मारला गेला. तो इतका शूर की मराठ्यांनी शत्रू असूनही त्याला ‘फाकडा’ म्हटलं, आणि स्ट्युअर्टचं ‘इष्टुर’ केलं. वडगाव मावळात इष्टुर फाकड्याची समाधी आजही दाखवतात. रेन्फ्रूच्या वाड्यातला हुद्दा सहाशे वर्षांनी मराठी मातीत उच्चार बदलून रुजला, हे मला या नावाच्या प्रवासातलं सर्वांत सुंदर ठिकाण वाटतं.

मग आडनावामागे खरं रक्त किती, हे कळायचं कसं? यासाठी वाय गुणसूत्र उपयोगी पडतं. ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं मिळतं, अधूनमधून एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या सगळ्या पुरुष वंशजांत राहतो. ११६४ मध्ये वॉल्टरच्याच जहागिरीत, रेन्फ्रूजवळ, पश्चिम किनाऱ्याचा सत्ताधीश सोमर्लेड मारला गेला. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी मॅकडोनल्ड, मॅकडुगल, मॅकअॅलिस्टर या त्याच्या वंशाच्या कुळांतलं वाय गुणसूत्र तपासलं. कुळप्रमुखांत आणि अनेक साध्या माणसांतही एकच खूण निघाली. त्यावरून आज सोमर्लेडचे थेट पुरुष वंशज पाच लाखांच्या घरात असावेत असा अंदाज मांडला गेला. एका मैदानात पडलेला माणूस, आणि साडेआठशे वर्षांनी पाच लाख पुरुष.

इतर गुणसूत्रांचं गणित या पुरुषवंशाहून अगदी उलटं आहे. आई-बापांकडून आलेले तुकडे दर पिढीला कापून जोडले जातात, प्रत्येकी सरासरी तेहेतीसेक ठिकाणी. या हिशेबाने सत्तावीस पिढ्या मागे गेलं की आपलं सगळं जनुकद्रव्य सुमारे १,७६० तुकड्यांत वाटलं गेलेलं असतं. जागा तेरा कोटी, तुकडे सतराशे साठ. त्या पायरीवरच्या एखाद्या जागेवरून आपल्यापर्यंत काही पोचण्याची शक्यता शहात्तर हजारांत एक. म्हणजे वॉल्टरचा वंशज असणं जवळपास नक्की आणि वॉल्टरच्या शरीरातलं काही अंगात असणं जवळपास अशक्य. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि हे समजायला मला बराच वेळ लागला.

स्ट्युअर्टांच्या पुरुषवंशाचीही खूण सापडली आहे. चौथा स्ट्यूअर्ड अलेक्झांडर याचा धाकटा मुलगा सर जॉन स्ट्युअर्ट ऑफ बॉन्किल १२९८ मध्ये फॉल्कर्कच्या लढाईत पडला. एस-७८१ हा बदल त्याच्यापासून सुरू झाला असं अभ्यासक मानतात. डार्नली त्याच्या वंशातला, त्यामुळे सहावा जेम्स, पहिला चार्ल्स, दुसरा चार्ल्स या सगळ्यांकडे तो बदल असणार. दुसऱ्या चार्ल्सला औरस मूल नव्हतं. अनौरस मुलांत थोरला जेम्स, मॉनमथचा ड्यूक. तो खरंच चार्ल्सचा मुलगा की नाही, यावर त्याच्या हयातीतच कुजबुज होती. १६८५ मध्ये गादीसाठी बंड केल्याबद्दल त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याच्या थेट पुरुषवंशात बक्लूचे ड्यूक येतात. त्यांच्या वाय गुणसूत्राची चाचणी झाली तेव्हा एस-७८१ तिथे निघाला, आणि सव्वातीनशे वर्षांची कुजबुज थांबली. मॉनमथने १६६३ मध्ये बक्लूची वारस अॅन स्कॉट हिच्याशी लग्न केलं तेव्हा तिचं आडनाव स्वतः घेतलं होतं. पुढे लग्नांतून आणखी दोन आली. आज त्या घराण्याचं आडनाव माँटॅग्यू डग्लस स्कॉट असं आहे. तिन्ही नावं स्त्रियांकडून आलेली, आणि त्यांत स्ट्युअर्ट कुठेच नाही.